आडवी ठेवलेली डहाळी

दोन वाटा फुटल्या की मी अजून थांबते. इथे जळगावात बाजाराला जातानासुद्धा, गल्ली जिथे दुभंगते तिथे माझी नजर आधी जमिनीवर जाते. धाकटी जाऊ विचारते, "अक्का, काही पडलं का तुमचं?" मी मान हलवते आणि चालू लागते. माझं काही पडलेलं नसतं. एकदा पडलेलं उचललं होतं, त्याचं हे आहे.

मुलाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे. मी असोद्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. तेवढ्यावर जमेल तसं लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून नावंही घालत नाही.

तेव्हा हे जंगलखात्यात नाकेदार होते. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा नाका होता. एक कौलारू खोली, पुढे ओसरी, मागे चुलीचा आडोसा, अंगणात निंब, आणि रस्त्यावर आडवा टाकलेला सागाचा वासा. वासा उचलला की पलीकडे राखीव जंगल. आत दोन कोसांवर एका घळीत देवीचं ठाणं होतं. घळीला बारमाही पाणी.

पूर्वी लोक मनाला येईल तेव्हा देवीला जात, चुली मांडत, येताना लाकडं आणत. मग राखीव कुरणातलं गवत कापायचा सत्याग्रह ठिकठिकाणी झाला आणि खातं कडक झालं. देवी काही बंद करता येईना, म्हणून तिची वाट बांधून दिली. मार्गशीर्षात मंगळवारी आणि शुक्रवारीच वासा उघडायचा. एका वाटाड्याबरोबर वीस माणसं, प्रत्येकाचा पास, पासावर नाव आणि गाव. कुऱ्हाड, विळा न्यायचा नाही. झाडाचं पान तोडायचं नाही. बिल्लेवाला वाटाड्या बरोबर असल्याशिवाय एक पाऊल आत टाकायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं.

वाटाडे पाच होते, सगळे जवळच्या पाड्यावरचे. त्यांतला सगळ्यांत मोठा एक तडवी भिल्ल म्हातारा होता, त्याला लहानथोर बाबा म्हणत. बिल्ल्याच्या आधीपासून तो लोकांना देवीला नेत असे, आणि त्याच्या आधी त्याचा बाप. बिल्ला मिळाल्यावर तो त्यानं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता. पितळी, पैशाएवढा, त्यावर आकडा. निंबाखाली बसला की तो अंगठ्यानं बिल्ला घाशीत राही, त्यामुळे इतरांच्या बिल्ल्यांपेक्षा त्याचा जास्त चकाके.

मी त्या वर्षी दिवाळीनंतर नाक्यावर राहायला आले. त्याआधी सासरी, धरणगावाकडे होते. मला बोलायचं भय वाटे. सासरची बोली अहिराणी, माझी असोद्याकडची. मी "कुठे"ला "कोठी" म्हटलं की दिराची पोरं हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं. तसंही सुनेनं बाहेरच्या पुरुषांपुढे बोलायचं नसे. काही सांगायचं झालं तर सासूबाईंच्या कानात सांगायचं, आणि त्या ओसरीकडे तोंड करून ते मोठ्यानं सांगत. सुतार आला, वैद्य आला, असंच चाले. मी म्हणायची, "आत्या, म्हणावं चौकट फुगली." त्या सुताराला ते सांगताना पदरचं चार शब्द घालत.

नाक्यावर सासूबाई नव्हत्या. त्यामुळे महिनाभर मी जवळजवळ मुकीच होते. बाबा सकाळी आला की पायरीवर मूठभर बोरं नाही तर आवळे ठेवी आणि निंबाखाली जाऊन बसे. मी ती उचलून आत नेई. एवढंच आमचं बोलणं.

त्या मार्गशीर्षात सासूबाई नवस फेडायला आल्या, बरोबर मोठ्या नणंदबाई. यांची नोकरी तोवर हंगामी होती. कायम व्हायचं नाव वर गेलं आहे असं रेंजरसाहेबांच्या तोंडून यांना कळलं होतं. कागद अजून यायचा होता, पण सासूबाईंनी कागदाची वाट बघितली नाही. त्यांना देवीला पुरणाचा नैवेद्य दाखवायचा होता.

मंगळवारी सकाळी धरणगावाकडची मंडळी आली. त्यांत एक कापसाचे व्यापारी शेठ आणि त्यांची म्हातारी आई. वीस पास त्यांच्यातच संपले. बाबाची पाळी होती. तो त्यांना घेऊन गेला. पहिल्या नाल्याच्या पलीकडे सगळ्यांना खाली बसवून तो जंगलात कसं चालायचं ते सांगत असे, हे मला नंतर कळलं. आमचं पुरण व्हायचं होतं, त्यामुळे आम्ही मागे राहिलो. निघालो तेव्हा यांनी स्वतः वासा उचलला.

"पास रे?" नणंदबाईंनी थट्टेनं विचारलं.

"घरच्यांना कसला पास," हे म्हणाले. मग मागून मला हाक मारून सांगितलं, "झाडाला हात लावू नका हं. नाकेदाराच्या घरचे म्हणून लोक बघतात."

आम्ही मंडळींना गाठलं तेव्हा बाबाचं सांगून झालं होतं आणि लोक उठत होते. त्यानं आमच्याकडे पाहिलं. नाकेदाराच्या आईला पुन्हा खाली बसवणं त्याला बरं वाटलं नसावं. तो पुढे झाला.

रांग लांबत गेली. पुढे बाबा आणि पुरुष, मग बायका. सासूबाईंचा गुडघा दुखायचा. शेठची आईही तशीच हळू चालणारी. दोघींचं वाटेतच जमलं. आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या, आणि मी ऐकते आहे याची आठवण सासूबाईंना झाली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू व्हय पुढे. आमना पायेसना नादे तू कशाले रखडस? निवद थंडा व्हई जाई." नणंदबाई त्यांच्यापाशी राहिल्या. मी नैवेद्याचं गाठोडं घेऊन निघाले. पुढच्या बायका ओळखीच्या नव्हत्या, म्हणून त्यांच्याही जवळ गेले नाही. त्यांची लुगडी दिसत राहतील एवढं अंतर ठेवून एकटीच मधे चालले.

नणंदबाईंनी आदल्या दिवशी मला एक सांगितलं होतं. पुढे खिंडीत पाल्याचा देव आहे. मूर्ती नाही, नुसता दगड आणि त्यावर पाल्याचा ढीग. जाणाऱ्यानं एक डहाळी टाकायची, नाहीतर परतताना पाय भरून येतात. मी सकाळपासून त्याच विचारात होते. डहाळी टाकायची तर तोडायची कशी? यांनी तर बजावलं होतं. वाळकी काटकी देवाला कशी टाकायची? मी इकडेतिकडे बघत चालले होते, हातात गाठोडं, आणि मनाला चैन नव्हती.

एका ओढ्यापाशी वाट फुटली. डावीकडची रुंद होती, उजवीकडची दगडांतून चढणारी. डावीच्या तोंडाशी अंजनाची एक ताजी डहाळी पडली होती. हातभर लांब, जोडपानांची, हिरवीगार. कुणीतरी तोडून टाकलेली. मला इतकं बरं वाटलं. तोडायचं पाप दुसऱ्याचं, देवाचं काम माझं. मी ती उचलली, धूळ झटकली. उजवीकडे चढावर लुगडी दिसत होती, त्यांच्यामागे गेले. खिंडीत पोचल्यावर ती डहाळी ढिगाच्या अगदी वर ठेवली आणि हात जोडले.

देवीपाशी पोचून बराच वेळ झाला. आंघोळी झाल्या, नारळ फुटले. बाबा नेहमीसारखा शेवटच्या पायरीखाली बसून माणसं मोजत होता. दोनदा मोजून तो उठला.

"तीन जण्या कोठे शेत?" त्यानं विचारलं.

शेठ धावत पायऱ्या उतरले. मी गाठोडं तसंच धरून उभी राहिले. दुसरा एक वाटाड्या आधीच्या मंडळींबरोबर तिथे होता, त्याच्या हवाली आम्हाला करून बाबा परत गेला. गेला म्हणजे पळालाच. त्या वयात त्याला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

नैवेद्य तसाच राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा दुसऱ्या वाटाड्यानं आम्हाला परत चालवलं. खिंडीत मी पाल्याच्या देवाकडे पाहिलं. माझी डहाळी वरच होती, पानं अजून टवटवीत. मी देवाला म्हटलं, त्यांना सुखरूप ठेव.

फाट्यावर ते भेटले. शेठची आई बाबाच्या पाठीवर होती. सासूबाई नणंदबाईंच्या खांद्यावर भार टाकून, पाऊल सुजलेलं. डावीकडची ती रुंद वाट गवे-सांबरांची पाण्यावर जायची वाट होती. तिच्या टोकाला कडा होता. कड्याच्या काठावर तिघी दगडाला धरून बसलेल्या त्याला सापडल्या. खाली अस्वल दिसलं असं नणंदबाई म्हणत होत्या. सासूबाई म्हणत होत्या, खडक होता.

शेठ भडकले होते. "तू सांगितलंस ना, डहाळी आडवी दिसली की ती वाट आपली नाही? मग डहाळी कुठे आहे?"

त्यांची आई पाठीवरून उतरता उतरता म्हणाली, "मैं तो बराबर देखी. डहाळी नव्हती. डहाळी नाही तर हीच वाट, म्हणून मीच या दोघींना आणलं."

बाबा खाली वाकून जमीन बघत होता. "मी ठेयेल व्हती," तो म्हणाला. "अंजननी. आठेच आडी ठेयेल व्हती."

"मग उडून गेली?"

तिथे जवळच अंजनाचं झाड होतं आणि त्याच्या खालच्या फांदीला डहाळी तोडल्याचा ताजा ओला व्रण दिसत होता. मला दिसत होता. मी पदर कपाळावर ओढून उभी होते. शेठ होते, पंधरा-वीस परकी माणसं होती. मी तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं ते मला माहीत नाही. आम्ही नाक्याकडे चालू लागलो.

नाक्यावर शेठनी तक्रार लिहून दिली. वाटाड्या खूण करायला विसरला, असा माणूस ठेवला तर जीव जातील. यांनी कागद वर पाठवला आणि रेंजरसाहेब येईपर्यंत बाबाचा बिल्ला काढून घेतला. तो आणून आतल्या खुंटीला टांगला, चुलीसमोर. साहेब सोमवारी येणार होते.

सहा दिवस तो बिल्ला माझ्यासमोर होता. मी भाकरी थापायला बसले की त्याच्याकडे पाठ करून बसायची, मग पाठीवर काहीतरी आहेसं वाटून पुन्हा फिरायची. एका जागी बसवेना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. सासूबाई सुजलेल्या पायाला हळदीचा लेप लावून उंबऱ्याशी पडून होत्या. त्या म्हणाल्या, "काय उंदीरनामायक फिरी राहिनी?"

बाबा रोज येत होता. बिल्ला नसला तरी सकाळी येऊन निंबाखाली बसे. अंगठा छातीवर जाई, तिथे काही नसे, मग हात खाली येई. पायरीवर मात्र त्यानं काही ठेवलं नाही.

बुधवारी दुसरा वाटाड्या त्याला म्हणत होता, "बाबा, तू ठेयेलच नही. कबूल करी टाक ना. बठ्ठासले माहीत शे, तुन्हं वय व्हई गयं."

"ठेयेल व्हती रे."

"कोनी देखी?"

"मी देखी."

गुरुवारी पुन्हा तेच बोलणं निघालं. या वेळी बाबा म्हणाला, "ठेयेल व्हती. का ते मांगला शुक्रवारनं याद येस माले?"

तो माणूस उठून गेल्यावर बाबानं निंबाची एक काडी घेतली, समोर मातीत आडवी ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. मग उचलली. पुन्हा ठेवली. उचलली. मी खिडकीतून बघत होते. त्याचा हात अगदी सवयीनं जात होता, आणि तोंडावर असं होतं जसं दुसऱ्या कुणाचा हात बघतो आहे. शुक्रवारीही तो तेच करीत होता. त्याच्याभोवती निंबाच्या काड्यांचा पसारा झाला होता.

त्या दुपारी हे जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं.

"फाट्यावरची डहाळी मी उचलली."

त्यांचा घास हातात राहिला. "का?"

"पाल्याच्या देवाला. तोडू नको म्हणाला होतात ना तुम्ही."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग हळूच विचारलं, "आईला सांगितलं? ताईला?"

"कुणालाच नाही."

"नको सांगू." ते उठून दार लोटून आले. "साहेब पहिलं काय विचारतील? ही बाई आत गेली कशी. पास कुठे आहे. तिघींचा पास नाही. विसावर तीन गेल्या, आणि वासा कुणी उचलला? माझं नाव वर गेलेलं आहे, तुला कळतं ना?"

"मग बाबांचं?"

"बाबा म्हातारेच झालेत. आज ना उद्या बिल्ला जाणारच होता."

हे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताटात अर्धी भाकरी तशीच सोडून ते ओसरीवर गेले आणि कागद चाळत बसले. वाईट माणूस नव्हे. शनिवारी, रविवारीही ते धड जेवले नाहीत. पण बोलूही नको म्हणत होते, आणि मला तर न बोलायची सवयच होती. कुणीतरी न बोलायला सांगितलं की मला एरवी सुटल्यासारखं वाटे. त्या वेळी वाटलं नाही.

सोमवारी साहेब घोड्यावरून आले. ओसरीवर खुर्ची मांडली. हे खाली चटईवर दौत-टाक घेऊन जबाब लिहायला बसले. बाबा अंगणात उभा. सासूबाई आत उंबऱ्याशी पाय पसरून, आणि मी त्यांच्या मागे दाराआड. शेठ आले नव्हते, त्यांचा कागद होता.

साहेबांनी फार ओरडाआरडा केला नाही. "म्हातारबा, एकच सांगा. खूण केली होती की नव्हती?"

बाबानं हात पुढे केला आणि स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, हात सांगस, ठेयी. डोकं सांगस, तू म्हातारा व्हई गया."

"म्हणजे आठवत नाही."

"नही आठवत." हे म्हणताना त्याचा आवाज अगदी साधा होता. सहा दिवसांपूर्वी फाट्यावर त्याला पक्कं आठवत होतं. मी ऐकलं होतं.

"लिहा," साहेब यांना म्हणाले, "खूण केल्याचं आठवत नाही."

टाक दौतीत बुडाल्याचा आवाज आला. मी वाकले आणि सासूबाईंच्या कानात बोलले. "आत्या, म्हणावं डहाळी मी उचलली."

"काय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कोनती डहाळी?"

मी पुन्हा सांगितलं. अंजनाची, फाट्यावरची, देवाला वाहिली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हातातली लेपाची वाटी फेकतात. आपल्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. मग ओसरीकडे तोंड केलं.

"ओ साहेब, लिखू नका. मन्ही सून काही सांगी राहिनी."

टाक थांबला.

"ती म्हणस, म्हातारानी डहाळी ठेयेल व्हती. हिनी उचली. पाल्याना देवले वाहाले लई गयी. देवले पाला, आनि सासूले कडा."

साहेबांनी विचारलं, "सूनबाई स्वतः सांगू शकत नाहीत का?"

"ती माले बी महिनामा चार शबद बोलस. तुमले काय बोली?"

"झाड कोणतं होतं, विचारा."

मी कानात सांगितलं. "अंजन," सासूबाई म्हणाल्या.

"डहाळी कुठे टाकली?"

"ढिगावर. बठ्ठास्ना वर."

"मग तिथलीच एखादी ताजी का तोडली नाही?"

मी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणस, झाडं सरकारनी शेत. नाकेदारनी तोडू नको सांगं व्हतं."

साहेब हसले की नाही ते मला दाराआडून दिसलं नाही. मग त्यांनी, यांना ज्याची धास्ती होती, तेच विचारलं. "म्हातारा सगळ्यांना खूण समजावून सांगतो. यांना कशी माहीत नव्हती? आणि पास? वीस नावांत ही नावं नाहीत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी लेकाकडे पाहिलं. तिथे त्यांना पदरचं काही घालता आलं नाही.

यांनी टाक खाली ठेवला. "पास नव्हता साहेब. वासा मी उचलला. मंडळी मागून गेली, बाबाचं सांगणं त्यांनी ऐकलं नाही."

"हेही लिहा," साहेब म्हणाले. आणि यांनी आपल्याच हातानं ते लिहिलं.

बाबाला परत द्यायचा बिल्ला आणायला हे आत आले. खुंटीवरून काढताना त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला. पुढे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मीठ मागितलं. कायम झाल्याचा कागद त्या वर्षी आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. सासूबाई जाईपर्यंत मला ऐकवत होत्या, "पोटमा डहाळी ठेईसन सहा दिन बसनी. पहिला दिन सांगती तर मी शेठनाच डोकावर घालती." नवस मात्र त्या पुन्हा बोलल्या.

साहेब गेल्यावर बाबा पायरीजवळ आला. माझ्याकडे न बघता, निंबाकडे तोंड करून उभा राहिला. बिल्ला गळ्यात होता, पण अंगठा त्यावर गेला नव्हता.

"माय," तो म्हणाला, "मी ठेयेल व्हती ना?"

मी हो म्हटलं. त्याला म्हटलेला तो माझा पहिला शब्द.

"नक्की?"

"हो."

तो गेला. मला वाटलं, झालं. पण शुक्रवारी त्याची मंडळी उशिरा परत आली. एक बाई पाणी प्यायला थांबली होती, ती सांगत होती, म्हातारा फाट्यावर डहाळी ठेवतो, पुढे जातो आणि खिंडीतून परत येतो, आहे का बघायला. एकदा नाही, दोनदा. पुढच्या मंगळवारी मीच ऐकलं, वाशापाशी एक जण त्याला म्हणत होता, "बाबा, आता तरी सरळ न्या हो, मागच्या खेपेला उन्हात बसवलंत." बाबा हसला. डहाळीवर तो आता दगडही ठेवायचा. तरी परत जाऊन बघायचा. त्याला कुणी दोष देत नव्हतं. साहेबांच्या कागदावर तो निर्दोष होता. पण सहा दिवस सगळ्यांनी, त्यानं स्वतःसुद्धा, जे म्हटलं ते कागदानं पुसलं गेलं नाही. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर त्या काड्या निंबाखाली पडल्या नसत्या. हे मी कितीदा स्वतःला सांगितलं असेल. भाजी चिरताना, केस विंचरताना, कुठेही.

पुढच्या मार्गशीर्षात तीन खेपा करून एका सकाळी तो पायरीपाशी आला. हे वाशाजवळ पास तपासत होते. सासूबाई धरणगावाकडे होत्या. त्यानं गळ्यातला दोरा काढला आणि बिल्ला पायरीवर ठेवला, जिथे पूर्वी बोरं ठेवायचा.

"आत टांगी दे, माय. वाट बठ्ठी याद शे. पन मन मांगे मांगे जास. लोकेसले कितला बसाडू?"

मी दाराआडून बाहेर आले. मधे कुणी नव्हतं, ज्याच्या कानात सांगावं. मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी तुम्ही ठेवली होती. मी माझ्या हातानं उचलली. अंजनाची होती, हातभर."

त्यानं मान हलवली. ऐकलं आणि मानलंही, असं मला दिसलं. मग तो पाड्याच्या वाटेला लागला. वळणावर मोठा पळस होता. तिथपर्यंत गेला, थांबला, आणि चार पावलं मागे येऊन जमिनीकडे पाहिलं. तिथे त्यानं काहीच ठेवलेलं नव्हतं. बघून झाल्यावर तो पुन्हा वळला आणि गेला.